वळूचा नंबर, गाईचं घर

छत्रपती संभाजीनगरहून जळगाव रस्त्याला लागलं की हर्सूल येतं. तिथलं कारागृह आणि तलाव सगळ्यांना माहीत असतात. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाची गोठित रेत प्रयोगशाळाही तिथंच आहे, हे मात्र शहरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. मंडळाच्या अशा प्रयोगशाळा राज्यात तीन : पुणे, नागपूर आणि ही आपली. नांदेड-लातूरकडच्या एखाद्या आखाड्यावर पहाटे कालवड जन्मते आणि तिचा बाप कधी त्या शिवारात आलेलाच नसतो. तो अशा एखाद्या केंद्रातून कांडीत बसून आलेला असतो.

कांडी म्हणजे पाव मिलिलिटरची बारीक नळी. तिच्यात साधारण दोन कोटी शुक्राणू, उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेले. नळीवर जात, वळूचा नंबर, तारीख आणि केंद्राचं नाव छापलेलं असतं. पशुसंवर्धनातल्या माझ्या नोकरीचा मोठा भाग या नंबराच्या अलीकडच्या कामात गेला. नंबर मिळण्याआधी तो वळू कुणाच्या तरी घरचा गोऱ्हा असतो. त्या घरी जायचं, गोऱ्हा बघायचा, त्याची आई बघायची, सौदा करायचा, रक्त तपासायला पाठवायचं. जे कांडीवर छापलं जात नाही, ते सगळं मी त्या घरांमधून ऐकलं. आज सांगतोय ते किस्से तिथले आहेत.

जनावराची थोडी ओळख आधी करून देतो. देवणी हे लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. त्याच्याच नावाची ही गाय. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा तिचा मुलूख, आणि सीमेपलीकडे बीदर जिल्ह्यातले भालकी, औराद, बसवकल्याण. गीर, डांगी आणि इथलं गावरान जनावर यांच्या मिश्रणातून दोनेकशे वर्षांत ही जात बांधली गेली, असं जाणकार मानतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं 1953 मध्ये जोशी आणि फिलिप्स यांचं भारत-पाकिस्तानच्या गोवंशावरचं पुस्तक काढलं, त्यातही देवणीला गीरच्याच गटात बसवलंय. लोंबते कान, पुढं आलेलं कपाळ आणि दूध गीरकडून आलं. डोंगरपट्टीत आणि चिखलात ओढायची ताकद डांगीकडून. एका वेतात आठ-नऊशे लिटर दूध देणारी आणि वर जड कामाचा बैल देणारी गाय मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला का हवी होती, हे वेगळं सांगायला नको.

हिचे तीन रंग. अंग पांढरं आणि तोंड काळं तो वानेरा. पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे ठिपके तो शेवरा. जवळपास सगळीच पांढरी ती बालंक्या. पुस्तकात यांना तीन प्रकार म्हणतात. गावात ती तीन घराणी आहेत. 'आमच्या घरी वानेराच', असं माणसं सोयरिकीबद्दल बोलावं तशी बोलतात. पश्चिमेकडं खिल्लारचंही असंच झालं. आटपाडी महाल, म्हसवड, तापीकाठचा थिल्लारी अशी नावं पडली ती ज्यांनी जनावर राखलं त्या मुलखांवरून आणि माणसांवरून. सरकारी वंशावळ नंतर आली. आधी दावण होती.

उदगीरच्या बाजूला एका आखाड्यावर गोऱ्हा बघायला गेलो होतो. वर्ष-सव्वा वर्षाचा वानेरा, कपाळ भरलेलं, गळ्याखालची पोळी अशी की हातात धरली तर घडी पडावी. अर्जावर आईच्या दुधाची नोंद होती. आजीच्या रकान्यात मात्र आडवी रेघ. मालक म्हणाले, "ते मला न्हाई सांगता येणार, आमच्या मायला विचारा." ऐंशीच्या पुढची म्हातारी गव्हाणीपाशी सरकी निवडत बसली होती. तिनं मान वर न करताच सुरुवात केली. "ही मोरी. हिची माय हरणी. हरणीची माय चंद्री, ती डाव्या शिंगाला खाली होती. चंद्रीची माय पवळी. पवळी माझ्यासंगं आली, माझ्या बापाच्या दावणीची." लग्नात आंदण आलेली गाय. तिच्या माहेरचं गाव आज कर्नाटकात आहे. म्हातारीनं पवळीच्या पलीकडच्याही दोन गाई सांगितल्या. त्या तिनं बघितलेल्या नव्हत्या, आईकडून ऐकलेल्या होत्या.

मी बाप विचारला. हरणीचा बाप कोण? म्हातारी म्हणाली, "गावचा पोळ असंल."

हे मला पुढं घराघरांत दिसलं. घराची आठवण आईकडून चालते, दफ्तराची बापाकडून. घरात गाय राहते, तिचं दूध रोज निघतं, तिची लेक तिच्याच खुंट्याला बांधली जाते, म्हणून बायकांच्या तोंडी सहा-सहा पिढ्या असतात. वळू मात्र गावाचा. कुणाच्या तरी नावानं देवाला सोडलेला पोळ शिवारभर चरायचा, त्याचा हिशेब कुणी ठेवत नसे. केंद्रात नेमकं उलटं. तिथं एका वळूपासून हजारो कांड्या होतात, म्हणून तोच नोंदवहीचा नायक, आणि आईचं दूध सोडलं तर तिच्या घराबद्दल एक ओळ नसते. शास्त्रानं बघितलं तर पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा वारसा फक्त आईकडूनच पुढं जातो. म्हातारीची यादी ही त्या वारशाचीच यादी होती. मला वाटतं ही जात टिकवायची असेल तर या दोन वह्या एकत्र याव्या लागतील. म्हणून ती यादी मी अर्जाच्या पाठीमागं लिहून घेतली, आणि त्यानंतर प्रत्येक घरी लिहीत गेलो.

गोऱ्हा मिळवणं ही सगळ्यात अवघड गोष्ट. लोकांना वाटतं सरकार पैसे देतंय म्हटल्यावर शेतकरी आनंदानं देईल. पण चांगला गोऱ्हा एकटा नसतो, त्याला जोड असते. एकाच वयाचे, एकाच चणीचे, एकाच रंगाचे दोन गोऱ्हे दोन-अडीच वर्षं जोडीनं वाढवायचे, आदत असतानाच जुवाला सवय लावायची, दोनदाती झाले की बडवून बैल करायचे आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात उभे करायचे. जुळलेल्या जोडीची किंमत दोन सुट्या बैलांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त येते. केंद्राला हवा असतो त्यातला एकच, आणि तोही बडवण्याआधी. म्हणजे आम्ही एक उचलला की मालकाच्या हातात एक सुटा गोऱ्हा राहतो, बाजारात निम्म्यालाही न जाणारा. यात जातीचं नुकसान पिढ्यानपिढ्या झालं. जो सगळ्यात देखणा नर, तोच आधी बैल झाला. मागं उरले ते कुणी न घेतलेले, आणि गाई त्यांनी फळवल्या.

असाच एक सौदा अहमदपूरकडं अडला. शेवऱ्याची जोड, दोन्ही गोऱ्हे इतके सारखे की उजवा कोणता आणि डावा कोणता हे ठिपक्यांवरूनच कळायचं. आमचं मन उजव्यावर. मालक सत्तरीतले, शांत माणूस. म्हणाले, "न्यायचे तर दोघं न्या, न्हाईतर चहा घ्या आन् जावा." दोघं घ्यायची परवानगी आमच्याकडे नव्हती; एकाच आईबापाच्या नात्यातले दोन वळू घेणं शहाणपणाचंही नव्हतं. चहा घेतला. घेता घेता विचारलं, या गोऱ्ह्याच्या आईची बहीण कुठं गेली? ते म्हणाले, लेकीला आंदण दिली, चाकूर तालुक्यात. तिला गोऱ्हा झालाय का, हे त्यांना माहीत नव्हतं. लेकीला फोन लागला. गोऱ्हा होता, चार महिन्यांनी लहान, शेवराच. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मालकांना घेऊन चाकूरला गेलो. त्यांनी त्या गोऱ्ह्याला चालवून बघितलं, भोवरे बघितले, पाठीवरून बोट फिरवलं, मागून उभं राहून दोन्ही खुरांमधलं अंतर नजरेनं मोजलं. अर्धा तास एक शब्द नाही. मग लेकीला म्हणाले, "ह्यो मला दे. तुला कालवड देतो." बाप-लेकीत कासऱ्याची अदलाबदल झाली. म्हाताऱ्यांची जोड पुन्हा पुरी झाली आणि उजवा गोऱ्हा आम्हाला मिळाला. केंद्राच्या कागदावर याची नोंद 'खरेदी, एक नर' एवढीच असणार.

भोवऱ्यांचा उल्लेख केला म्हणून सांगतो. केसांचा भोवरा कुठं आहे यावर शेतकरी जनावर घेतो किंवा सोडतो. आमच्या निकषांमध्ये भोवऱ्याला जागा नाही. तिथं आईचं दूध, वजन, वृषणाचा घेर, क्षयरोग, जोन्स आणि ब्रुसेलोसिस या रोगांच्या चाचण्या, गुणसूत्रांची तपासणी. तरी मी भोवरा बघायला शिकलो. केंद्राच्या वळूला अशुभ भोवरा आहे हे गावात कळलं, तर त्याची कांडी कुणी घेत नाही, मग आईनं कितीही दूध दिलेलं असो. श्रद्धा माझी नसली तरी गाय त्यांची आहे.

प्रदर्शनांच्या पडद्यामागं बरंच काही चालतं. माळेगावच्या खंडोबाची यात्रा, लातूरची सिद्धेश्वराची यात्रा, अशा ठिकाणी देवणी आणि लाल कंधारीच्या स्पर्धा होतात. परीक्षक म्हणून जायचो. दूधस्पर्धेत आदल्या संध्याकाळी ठरल्या वेळी पंचांसमोर प्रत्येक गाईची कास रिकामी करायची, आणि तिथून पुढचं दूध मोजायचं. खरी परीक्षा मोजण्यात नसून रिकामी करण्यात असते. हातावर धार थांबली तरी गाय थोडं चोरून ठेवते, आणि मुरब्बी धार काढणाऱ्याला ते माहीत असतं. वासराला दोन मिनिटं सोडून पुन्हा सड दाबले की खरं कळतं.

एका वर्षी वानेरा गटात एक गाय आली. तोंड असं काळंभोर की बाकीच्या गाई फिक्या वाटाव्यात. माझ्यासोबतचे ज्येष्ठ डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी पाण्यानं रुमाल ओला केला आणि कौतुक करत करत गाईच्या गालावरून फिरवला. रुमाल काळा झाला. खालून शेवऱ्याचे ठिपके निघाले. गाय मुळात उत्तम होती, शेवरा गटात तिला बक्षीस मिळालं असतं. मालकाला बाजूला घेऊन विचारलं, तर त्याचे डोळे भरून आले. त्याच्या आजोबापासून घरात वानेराच, गावात ओळख तीच. वानेऱ्याच्या पोटी ही शेवरी निपजली, आणि ती दूध सगळ्यात जास्त देते म्हणून विकवत नाही. त्याची फसवणूक चुकीचीच, पण त्याच्या दुःखाची मला किंमत वाटते. रंगाच्या अभिमानापायी चांगली शेवरी कालवड बाजारात काढणारी घरं मी बघितली आहेत. त्यानं ती विकली नव्हती.

आता केंद्राच्या आतलं थोडं. घरून आलेला खोंड आधी दोनेक महिने वेगळा ठेवतात, चाचण्या पुन्हा होतात, मग तो कळपात येतो. त्याला लगेच काम जमत नाही. देवणी आणि लाल कंधारी हे संकरित वळूंपेक्षा सावकाश तयार होतात. उभ्या केलेल्या जनावरावर चढायला शिकायचं, कृत्रिम योनीची सवय व्हायची. तिच्यातलं पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास लागतं. दोन-तीन अंश इकडं-तिकडं झाले की वळू तोंड फिरवतो. इथं पदवी कामाला येत नाही, वळू सांभाळणारा माणूस कामाला येतो. असाच एक वळूवाला मला माहीत आहे. तो नवा खोंड काही दिवस नुसता काम करणाऱ्या वळूच्या जवळ बांधून ठेवायचा, त्याला बघू द्यायचा. पहाटे, ऊन चढायच्या आत, ओळखीच्या हाकेनं त्याला बाहेर काढायचा. घाई केलेले वळू बिघडतात, हे त्याचं म्हणणं, आणि ते खरं ठरायचं. रेत मिळालं की प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल बघतात. ती साधारण सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर फेकून देतात. गोठवून पुन्हा वितळवल्यावर निम्मे तरी चालते राहायला हवेत. एका वेळच्या रेतातून दोन-तीनशे कांड्या निघू शकतात. गावच्या पोळाला एवढ्या गाई फळवायला कित्येक वर्षं लागली असती.

यातलाच धोका एका आजीनं मला दाखवला. कंधार तालुक्यातलं घर, लाल कंधारी. गडद एकरंगी लाल जनावर, देवणीपेक्षा हलकं, कमी चाऱ्यावर तगणारं. गाय माजावर आली म्हणून रेतन करणारा मुलगा मोटरसायकलवर कंटेनर घेऊन आला होता, मी त्याच्यासोबत. आजीनं गाय धरून ठेवली आणि विचारलं, "कुणाच्या घरचा?" मुलानं कांडीवरचा नंबर वाचला. आजी म्हणाली, "नंबर नगं, घर सांग." मी केंद्रात फोन लावला, नंबरावरून गाव कळलं. आजीच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला. "हिचा बाप तोच की. गेल्या वेळी आणलेलीबी त्याच घरची होती." मोजून बघितलं तर गाय खरोखर त्याच वळूची लेक निघाली. बापाला लेक दाखवली, तर होणाऱ्या वासरात आतल्या रक्ताचं प्रमाण 25 टक्के जातं. वासरं लहान होतात, उशिरा फळतात, काही जगत नाहीत. मुलाजवळ दुसरा नंबर होता, तो वापरला. आता कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो, रेतनाची नोंद त्यावर होते, ही फार मोठी सोय झाली. पण बिल्ला मारण्याआधीच्या पिढ्या कुठल्याही संगणकात नाहीत. त्या अशा आज्यांकडे आहेत, आणि आज्या थकत चालल्या आहेत.

असं काम जगात इतरांनीही केलंय. टेक्सासची लांब शिंगांची लाँगहॉर्न जात संकरानं संपत आली, तेव्हा 1927 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं तीन हजार डॉलर दिले. वनखात्याचे विल बार्न्स आणि जॉन हॅटन टेक्सासभर फिरले आणि जुन्या चणीचे वीसेक गाई-वळू गोळा करून ओक्लाहोमातल्या विचिटा डोंगरांतल्या अभयारण्यात ठेवले. बाकी सहा वंश शेतकरी घराण्यांनी आपापल्या कुरणांवर राखले होते : बटलर, फिलिप्स, मार्क्स, पीलर, राइट, येट्स. 1964 मध्ये पैदासकारांची संघटना झाली आणि आज तिथला जाणकार शिंगाचा बाक बघून घराणं ओळखतो. ब्राझीलचं आपल्याला जास्त जवळचं. आपल्या ओंगोलचं तिथं नेलोर झालं. मानुएल लेमग्रुबर यांनी 1878 मध्ये हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयातून विकत घेतलेल्या जनावरांचा वंश तिथं आजही लेमग्रुबर नावानंच चालतो. भावनगरच्या महाराजांकडून सेल्सो गार्सिया सिद यांनी नेलेल्या कृष्णा नावाच्या गीर वळूचं रक्त तिथल्या कळपांत किती पसरलंय, हे ब्राझीलचे पैदासकार नंबर न बघता सांगतात. त्यांनी घराचं नाव नोंदवहीत चढवलं. आपल्याकडे पवळीला आंदण देणाऱ्या घराचं नाव कुठल्याच वहीत नाही, हे मला बोचतं.

आमच्या शहरात दुसरीच गोष्ट चालली आहे. संभाजीनगरच्या आसपासच्या फार्महाऊसवर गीर गाई येतात, गुजरातेतून, भारी किमतीला. गीर उत्तम गाय आहे, तिच्याशी भांडण नाही. पण दूध वाढवायचं म्हणून देवणीवर गीर वळू लावतात, आणि दोन पिढ्यांत ना गीर राहते ना देवणी. दोनेकशे वर्षं लोकांनी जे मिश्रण पक्कं केलं ते असं सैल होतं. राज्य सरकारनं 30 सप्टेंबर 2024 ला देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं, गोशाळांना गाईमागं रोज पन्नास रुपये ठेवले. त्या निर्णयात मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारीची नावं आहेत, याचा आनंद आहे. मात्र गोशाळेत म्हातारी गाय सांभाळली जाते, वंश वाढतो तो शेतकऱ्याच्या गोठ्यात. जो शेतकरी चांगला नर बडवायचा थांबतो, त्याला जोड मोडल्याची भरपाई मिळावी, असं मी बैठकांमध्ये सांगत आलो आणि आजही सांगतो.

दुष्काळात घरं काय करतात, यावरून वंशाची किंमत कळते. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी मी खूप ऐकल्या. बैल आधी विकला, मग म्हातारी गाय, मग दुभती. कालवड शेवटपर्यंत ठेवली. काहींनी ती मांजराकाठच्या पाव्हण्यांकडे अर्धेलीनं दिली : पहिलं वासरू तुमचं, दुसरं आमचं. पुढं छावण्या आल्या, तिथं निदान कडबा मिळाला. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा प्रश्न चाऱ्याचा नव्हता. जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. लस टोचत फिरताना एका माणसानं मला विचारलं होतं, "गाय वाचंल हो डॉक्टर, पण वळू कुठून आणू?" नैसर्गिक रेतनही तेव्हा बंदच ठेवायला सांगितलं होतं. कांडीनं त्या वर्षी बऱ्याच घरांची गाय रिकामी राहू दिली नाही.

शेवटचा किस्सा भावकीतल्या दोन घरांचा. गाव सांगत नाही. आजोबांच्या काळात एकच दावण होती. वाटणीत बांधावरून बिनसलं आणि बोलणं बंद झालं. एका घरात वानेरा राहिला, दुसऱ्यात शेवरा. दोघंही नामांकित, दोघांचीही यात्रेत बक्षिसं, आणि दोघंही घरचाच वळू घरच्या गाईंना. वानेऱ्याच्या घरची वासरं वर्षागणिक बारीक होत होती. मालकाला वाटायचं खुराक कमी पडतोय. मी गाई बघितल्या, आयांची यादी लिहिली, वळूचा हिशेब लावला आणि सांगितलं, खुराक वाढवून उपयोग नाही, बाहेरचं रक्त पाहिजे. "मग केंद्राची कांडी लावा." लावता आली असती, पण तिथं त्या वेळी उपलब्ध असलेला वानेरा वळू याच घरातून गेलेला, म्हणजे पुन्हा तेच. जवळात जवळ, चांगल्या आईचा, वेगळ्या रक्ताचा वळू होता तो भावाच्या दारात. तीन पिढ्यांत ते रक्त पुरेसं लांब गेलं होतं.

नाव काढल्यावर माणूस उठून उभा राहिला. "त्याच्या दाराला मी जाणार न्हाई." दुसऱ्या घरीही गेलो. तिथं उत्तर तेच, फक्त आवाज मोठा. मात्र त्यांच्याही वासरांचं दुखणं तेच होतं, आणि हे त्यांच्या घरधनिणीला कळलेलं होतं. तिनं नवऱ्यादेखत विचारलं, "बाजारात कुणीबी काहीबी घेऊ शकतं ना?"

पुढचं एका हेड्यानं, म्हणजे गुरांच्या दलालानं केलं. दोन्ही घरांशी त्याचा व्यवहार होता. हंडरगुळीच्या बाजारात त्यानं शेवऱ्याच्या घरचा खोंड विकत घेतला. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला, इसार दिला, पावती फाडली. तासाभरानं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला त्यानंच तो खोंड वानेऱ्याच्या घरच्या माणसाला विकला. आणि पुढच्याच आठवड्यात वानेरा खोंड त्याच वाटेनं उलट्या दिशेनं गेला. दोन्ही मालक एकमेकांसमोर आले नाहीत. दोघांनाही कुणाचा खोंड आपल्या दारात आला हे पूर्ण ठाऊक होतं. हेड्यानं दोघांपैकी कुणाकडूनच दलाली घेतली नाही. हे त्यानं स्वतः कधी सांगितलं नाही, मला त्या घरधनिणीकडून कळलं.

वर्षभरानं वानेऱ्याच्या घरी पहिली कालवड झाली. उंच पायांची, भरलेल्या कपाळाची, आणि अंगभर काळे ठिपके. मी बघायला गेलो तेव्हा मालक तिचं अंग पुसत होते. विकणार का, असं मी सरळ विचारलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या वहीकडं बोट दाखवून म्हणाले, "लिहा. नाव ठिपकी. माय गंगी. बाप..." थोडं थांबून त्यांनी भावाचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि म्हणाले, "त्येच्या घरचा."

मी बिल्ल्याचा बारा अंकी नंबर लिहिला आणि त्याच्याखाली हे सगळं लिहून घेतलं.